विश्लेषण : फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत मिळतो, मग स्वतः कशाला करायचा?

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत पालक आणि मुलांची गर्दी वाढते. बोलण्यात दोनच प्रश्न असतात : कॉलेज कोणते मिळाले आणि ‘कॉम्प्युटर’ मिळाले का? चार वर्षांनी तिसरा प्रश्न येतो : नोकरी लागली का? या दोन टोकांच्या मध्ये एक गोष्ट असते, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ती म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः केलेला प्रोजेक्ट. शेवटच्या वर्षी रिपोर्ट आणि पीपीटीसह तयार प्रोजेक्ट विकत घेणारे विद्यार्थी सगळ्याच शहरांत सापडतात. त्यावर गुणही मिळतात. मात्र मुलाखतीत पहिला प्रश्न बहुतेकदा त्याच प्रोजेक्टवर येतो, आणि तिथे विकत घेतलेले उत्तर चालत नाही. सॉफ्टवेअर अभियंत्याचे शिक्षण, पहिली नोकरी आणि स्वतःचे प्रोजेक्ट यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते पाहू.

सॉफ्टवेअर अभियंता होण्याचे मार्ग किती?

सर्वांना माहीत असलेला मार्ग म्हणजे बारावी विज्ञान, एमएचटी-सीईटी आणि कॅप फेऱ्यांमधून बी.टेक. छत्रपती संभाजीनगरमध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. एमजीएमचे जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी महाविद्यालय १९८२ मध्ये सुरू झाले. त्यानंतर शहरात आणि परिसरात आणखी खासगी महाविद्यालये आली.

दुसरा मार्ग दहावीनंतरचा. पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांची पदविका घेऊन थेट बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ग्रामीण मराठवाड्यातून येणारे अनेक विद्यार्थी हा रस्ता घेतात. तिसरा मार्ग बीसीए किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स आणि पुढे दोन वर्षांचे एमसीए असा आहे. चौथा मार्ग पदवीनंतरचा. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘पीजी-डॅक’ हा काही महिन्यांचा अभ्यासक्रम ‘सी-कॅट’ ही प्रवेश परीक्षा देऊन करता येतो. शहरात विद्यापीठाच्या आवारात ‘नायलिट’चे केंद्रही आहे.

हे चारही मार्ग सॉफ्टवेअरच्या नोकरीपर्यंत जातात. फरक पडतो तो सुरुवातीच्या संधींत. मोठ्या कंपन्या सगळ्याच महाविद्यालयांत कॅम्पस मुलाखतींसाठी येत नाहीत. ज्या महाविद्यालयांत त्या येत नाहीत, तिथल्या विद्यार्थ्याकडे दाखवायला स्वतःचे काम असणे जास्त गरजेचे ठरते.

‘कॉम्प्युटर’ शाखाच हवी का?

ही शाखा मिळाली तर चांगलेच. पण ती मिळाली नाही म्हणून कर्ज काढून व्यवस्थापन कोट्यातली जागा घेण्याआधी दोन उदाहरणे पाहावीत.

पहिले उदाहरण मुंबईचे. मनीष गोरेगावकर आयआयटी मुंबईत शिकत होते, पण त्यांचा विषय भौतिकशास्त्र होता. शिकत असतानाच ते ‘रस्ट’ या तेव्हा नव्या असलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेकडे वळले. आज जगभरातले रस्टचे प्रोग्रॅमर रोज वापरतात ते ‘क्लिपी’ हे साधन त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या प्रोजेक्टमधून उभे राहिले.

दुसरे उदाहरण कोविद गोयल यांचे. अमेरिकेत कॅलटेकमध्ये तेही भौतिकशास्त्रच शिकत होते. २००६ मध्ये सोनी कंपनीचे ई-पुस्तक वाचण्याचे यंत्र बाजारात आले, पण ते लिनक्सवर चालत नव्हते. गोयल यांनी ते चालावे म्हणून स्वतःपुरता प्रोग्रॅम लिहिला. त्यातून पुढे ‘कॅलिबर’ तयार झाले. ई-पुस्तके साठवण्यासाठी आणि एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलण्यासाठी ते आज जगभर मोफत वापरले जाते.

आयआयटी आणि कॅलटेक ही नावे मोठी आहेत, हे खरे. पण या दोन्ही प्रोजेक्टला संस्थेची प्रयोगशाळा लागली नव्हती. एक संगणक, इंटरनेट आणि स्वतःला पडलेली अडचण एवढ्यावर ते सुरू झाले.

गोरेगावकर यांचा प्रवास काय सांगतो?

त्यासाठी आधी रस्टची गोष्ट. ही भाषासुद्धा मुळात एकाचा खासगी प्रोजेक्ट होती. मोझिला कंपनीत काम करणारे ग्रेडन होर यांनी २००६ मध्ये ती फावल्या वेळात सुरू केली. आपल्या इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअर बिघडल्यामुळे बंद पडली आणि वरच्या मजल्यापर्यंत जिने चढावे लागले, त्या वैतागातून हे सुचले, असे त्यांनी सांगितले आहे. संगणकाच्या मेमरीचा गोंधळ होऊन प्रोग्रॅम कोसळू नये, हा या भाषेचा हेतू. पुढे मोझिलाने तिला पाठबळ दिले आणि १५ मे २०१५ रोजी रस्टची १.० आवृत्ती आली.

त्याआधीच, २०१४ मध्ये, गोरेगावकर ‘गुगल समर ऑफ कोड’मधून मोझिलाच्या ‘सर्वो’ या प्रायोगिक ब्राउझर इंजिनवर काम करत होते. ते रस्टमध्येच लिहिले जात होते. त्याच काळात त्यांनी क्लिपी सुरू केले. शुद्धलेखन तपासणारा जसा लिहिलेल्या मजकुरावर खुणा करतो, तसे क्लिपी प्रोग्रॅमरच्या कोडवर खुणा करते : ही ओळ चालेल, पण चूक होण्याची शक्यता आहे, हेच अधिक सोपे लिहिता येईल. नाव घेतले ते मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये पूर्वी पडद्यावर डोकावणाऱ्या कागदी क्लिपवरून.

पदवीनंतर ते मोझिलात गेले. सर्वोत तयार झालेला एक भाग पुढे खऱ्या फायरफॉक्समध्ये बसवला गेला आणि नोव्हेंबर २०१७ च्या ‘फायरफॉक्स क्वांटम’मधून लोकांपर्यंत पोहोचला. त्या कामातही ते होते. नंतर ते गुगलमध्ये गेले आणि युनिकोडच्या ‘आयसीयूफोरएक्स’ प्रकल्पावर काम करू लागले. जगातल्या वेगवेगळ्या भाषांतली तारीख, आकडे, अक्षरांचा क्रम छोट्या उपकरणांवरही नीट दिसावा, यासाठीचा हा प्रकल्प आहे. क्लिपीत आज सातशेहून अधिक तपासण्या आहेत आणि ते रस्टसोबतच मिळते. आता ते एकट्याचे राहिलेले नाही, अनेक जण मिळून ते चालवतात.

या प्रवासात क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी दुसऱ्यांच्या प्रकल्पात छोटे काम, मग स्वतःचा छोटा प्रोजेक्ट, मग नोकरी. नोकरी लागल्यावर प्रोजेक्ट करू, असा उलटा क्रम इथे दिसत नाही.

चांगला प्रोजेक्ट कशाला म्हणायचे?

ज्याचा कोणाला तरी उपयोग होतो आणि ज्यातला प्रत्येक निर्णय का घेतला ते करणाऱ्याला सांगता येते, त्याला. शेकडो रिझ्युमेंवर दिसणारी ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ त्यात बसत नाही, कारण ती प्रत्यक्षात कुठल्याच ग्रंथालयात चालत नसते.

या शहरासाठी एक उदाहरण घेऊ. जायकवाडीचे पाणी शहराला मिळते, पण नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. ‘आज पाणी येणार आहे का?’ हा घरोघरचा प्रश्न. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या गल्लीपुरते एक साधे पान बनवले. पाणी आले की कोणीही बटण दाबायचे, बाकीच्यांना सूचना जाईल. कल्पना दहा मिनिटांत सुचते. पण बनवायला बसले की प्रश्न सुरू होतात.

एकाने ‘आले’ म्हटले आणि शेजाऱ्याने ‘नाही आले’ म्हटले, तर खरे कोणाचे मानायचे? कोणी गंमत म्हणून बटण दाबले तर? पहाटे चार वाजता शंभर जणांना सूचना पाठवायची का? ज्या आजींकडे साधा फोन आहे, त्यांना एसएमएस कसा जाणार? इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, मराठीत ७०. म्हणजे संदेश लांबला तर एका संदेशाचे दोन होतात आणि खर्चही वाढतो. लोकांचे मोबाइल नंबर साठवायचे, तर ते सुरक्षित कसे ठेवायचे?

यातला एकही प्रश्न तयार प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये नसतो. नोकरीत मात्र रोज असेच प्रश्न येतात. मुलाखत घेणाऱ्याला ‘मी रिअ‍ॅक्ट वापरले’ हे ऐकण्यापेक्षा ‘दोन जणांची माहिती जुळेना, तेव्हा मी तीन जणांनी कळवल्याशिवाय सूचना पाठवायची नाही असे ठरवले’ हे ऐकण्यात जास्त रस असतो.

‘औरंगपुरा’ या शब्दात अक्षरे किती?

मराठीत काम करणारे सॉफ्टवेअर बनवताना आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. ‘औरंगपुरा’ हा शब्द वाचणाऱ्यासाठी पाच अक्षरांचा आहे : औ, रं, ग, पु, रा. संगणक मात्र आठ मोजतो, कारण त्याच्या हिशेबात अनुस्वार, उकार आणि काना वेगळे असतात. वेबवर सर्वाधिक चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे हा एक शब्द साठवायला २४ बाइट. इंग्रजी अक्षराला एकच बाइट पुरतो.

फॉर्ममध्ये ‘नाव २० अक्षरांत लिहा’ अशी मर्यादा घातली आणि मोजणी चुकीच्या पद्धतीने केली, तर लांब मराठी नावे मध्येच तुटतात. काना तुटून वेगळा पडतो, जोडाक्षराचा पाय मोडलेला दिसतो. जोडाक्षरांचा प्रश्न तर जागतिक नियमांतही बराच काळ अर्धवट होता. शब्दातले ‘एक अक्षर’ कुठे संपते हे ठरवणाऱ्या युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत ‘क्ष’चे दोन तुकडे मानले जात. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे एकसंध मानणारा नियम सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत आला.

मराठी वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ही चूक पडद्यावर पाहताच कळते. ज्याने देवनागरी कधी वाचली नाही, त्या अभियंत्याला ती दिसतही नाही. आपली भाषा इथे अडचण ठरत नाही, उलट कामाचे ज्ञान ठरते.

गिटहबवर काय ठेवावे आणि काय ठेवू नये?

कोडमध्ये केव्हा, काय आणि कोणी बदलले याची नोंद ठेवणारे ‘गिट’ हे साधन लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केले. असे कोड इंटरनेटवर ठेवण्याची ‘गिटहब’ ही जागा २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. आज रिझ्युमेवर गिटहबचा पत्ता देणे सर्रास झाले आहे. पण तिथे गेल्यावर काय दिसते, यावर सगळे अवलंबून असते.

एकाच रात्री एकदम चढवलेला पूर्ण प्रोजेक्ट जाणकाराला लगेच ओळखू येतो. गिटच्या नोंदीत तारखा असतात. दोन महिने थोडे थोडे बदल, मध्ये चुका, मग दुरुस्ती असा इतिहास असेल तर काम स्वतःचे असल्याची साक्ष तोच देतो. प्रोजेक्ट काय करतो, कसा चालवायचा आणि कोणती गोष्ट अजून जमलेली नाही, हे ‘रीडमी’मध्ये साध्या भाषेत लिहावे.

पासवर्ड, पेमेंट किंवा नकाशाच्या सेवांच्या गुप्त किल्ल्या आणि लोकांचे मोबाइल नंबर चुकूनही चढवू नयेत. नंतर फाइल पुसली तरी जुन्या नोंदीत त्या राहतात, आणि अशा किल्ल्या शोधणारे स्वयंचलित प्रोग्रॅम सतत फिरत असतात. किल्ली बाहेर गेलीच, तर ती रद्द करून नवी घेणे हाच उपाय. दुसरी गोष्ट परवान्याची. कोड उघडे ठेवले म्हणून ते कोणालाही वापरता येते असे नाही. एमआयटी, अपाचे किंवा जीपीएल यांसारखा परवाना लिहिला नसेल, तर कायद्याने सगळे हक्क लेखकाकडेच राहतात.

दुसऱ्यांच्या प्रकल्पात हातभार लावतानाही भान हवे. दर ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या ‘हॅक्टोबरफेस्ट’मध्ये २०२० साली केवळ टी-शर्ट मिळावा म्हणून एखादा शब्द बदलून पाठवणाऱ्यांचा इतका पूर आला की आयोजकांना नियम बदलावे लागले. २०२४ मध्ये ‘एक्सप्रेस’ या लोकप्रिय प्रकल्पावर असाच प्रसंग आला. शिकवणीचा व्हिडिओ पाहून अनेक जणांनी तिथे फक्त आपले नाव घालणारे बदल पाठवले. हे प्रकल्प सांभाळणारे लोक बरेचदा फुकट काम करतात. त्यांचा वेळ वाया घालवून मिळालेला हिरवा चौकोन नोकरीत कामाला येत नाही.

एआय कोड लिहून देते, मग शिकायचे कशाला?

गिटहबचे ‘कोपायलट’ २०२१ मध्ये चाचणीसाठी आले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी. त्यानंतर तयार कोड मिळणे फारच सोपे झाले. विकतच्या प्रोजेक्टची किंमतही त्यामुळे उतरली, कारण तो आता फुकटात बनतो. साहजिकच निव्वळ प्रोजेक्ट ‘असणे’ पुरेसे राहिले नाही. मुलाखतीत आता समोर बसून बदल करायला सांगतात : ‘पाणी दोन वेळा आले तर काय होईल? तुमच्याच कोडमध्ये दाखवा.’ एआयची मदत घेण्यात गैर काही नाही. पण जी ओळ समजावून सांगता येत नाही, ती आपल्या प्रोजेक्टमध्ये ठेवू नये. हा एक नियम पाळला तरी बराच फरक पडतो.

पहिल्या नोकरीत कशाकडे पाहायचे?

ऑफर लेटर आणि रुजू होण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२-२३ मध्ये अनेक नवपदवीधरांना ऑफर हातात असूनही कित्येक महिने वाट पाहावी लागली. पुण्यात खोली घेऊन बसण्याआधी तारीख लेखी घ्यावी. वाट पाहण्याच्या काळात स्वतःचा प्रोजेक्ट चालू असेल तर तो काळ रिकामा जात नाही.

बाँड असेल तर किती वर्षांचा, सोडल्यास किती रक्कम आणि ती कशाच्या बदल्यात, हे वाचावे. बाँडला कायद्यात किंमतच नसते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी तीन वर्षे सेवेची आणि ती न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेतल्या भरतीचे होते. भरतीचा खर्च आणि पदाचे स्वरूप न्यायालयाने विचारात घेतले. म्हणून प्रत्येक बाँड तितकाच वैध ठरेल असे नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवीच असावी लागते. तरीही ‘सही करू, पुढचे पुढे पाहू’ हे धोरण महागात पडू शकते.

नोकरी देण्यासाठी किंवा ‘ट्रेनिंग’साठी आधी पैसे मागणारी, मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारी किंवा खोटा अनुभव रिझ्युमेवर लिहायला सांगणारी जागा टाळावी. खोटा अनुभव पार्श्वभूमी तपासणीत उघडा पडतो आणि लागलेली नोकरी जाते.

नोकरीत असताना केलेला प्रोजेक्ट कोणाचा?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचे काम म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. संगणकाचा प्रोग्रॅम या कायद्यात लेखनातच मोडतो. रात्री स्वतःच्या लॅपटॉपवर केलेला वेगळ्या विषयाचा प्रोजेक्ट सहसा या कलमात येत नाही. पण अनेक नियुक्तिपत्रांत ‘नोकरीच्या काळात केलेले सर्व काम कंपनीचे’ असे व्यापक वाक्य असते. ते सहीपूर्वी वाचावे आणि आधीपासून चालू असलेले प्रोजेक्ट एचआरला ई-मेलने कळवून ठेवावेत. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचे कोड आणि ऑफिसची वेळ यांपासून ते दूर ठेवावेत.

पैसे न भरता सुरुवात कुठून करता येईल?

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर लिनक्स, सी, पायथॉन अशा विषयांचे छोटे धडे मोफत आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतून ऐकता येतात. त्याच संस्थेचा ‘फॉसी’ प्रकल्प विद्यार्थ्यांना उन्हाळी फेलोशिप देतो. ‘एनपीटीईएल’वर आयआयटींच्या प्राध्यापकांचे पूर्ण अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क असते. ‘गुगल समर ऑफ कोड’ २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून त्यासाठी विद्यार्थी असण्याचीही अट उरलेली नाही. वय १८ पूर्ण आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नवखे असणे पुरते.

वेळेचा हिशेब साधा ठेवावा. पहिल्या वर्षी एक भाषा नीट शिकावी. दुसऱ्या वर्षी घरातली, गल्लीतली किंवा नातेवाइकाच्या दुकानातली एक अडचण निवडून छोटे काहीतरी बनवावे. तिसऱ्या वर्षी ते पाच-दहा माणसांच्या हातात द्यावे आणि त्यांच्या तक्रारी लिहून घ्याव्यात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तोवर वेगळा शोधावा लागत नाही, त्या तक्रारींतूनच तो तयार झालेला असतो.

पालकांनीही वर्षातून एकदा एक प्रश्न विचारावा. ‘किती टक्के पडले?’ यासोबत ‘तू बनवलेले मला वापरून दाखव’ म्हणावे. फोनवर ते उघडले आणि आईला न सांगता वापरता आले, तर मुलगा किंवा मुलगी योग्य रस्त्यावर आहे. आई अडली, तर कुठे अडली ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. दुरुस्तीचे पुढचे काम तिथेच आहे.